ठासणीची बंदूक साफ करताय? गंजाला हात सगळ्यात शेवटी लावा

आमच्या घरी खंडेनवमीला पाटावर कोयता, विळा, खुरपं आणि आजोबांची, म्हणजे आबांची, एकनळी ठासणीची बंदूक मांडायची पद्धत. आई तांब्यातलं पाणी शिंपडायची, ओल्या बोटांनी हळद-कुंकू ओढायची, चापात झेंडूचं फूल अडकवायची. नारळ फोडला की निम्मं पाणी नळीवर. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या दसरा चौकातून सोनं लुटून यायचं आणि बंदूक होती तशी, कुंकवासकट, बारदानात गुंडाळून माळ्यावर जायची. कुंकवाची पाच बोटं जिथं उठायची, तिथं आज नळीवर पाच लांबट खड्डे आहेत. बोट ठेवलं तर बसतं.

बंदूक राधानगरी तालुक्यातल्या आमच्या गावची. भातात आणि उसात डुकरं शिरायची म्हणून आबांनी पीक संरक्षणाचा परवाना काढलेला. आबा गेले तेव्हा अण्णांनी ती ठाण्यात जमा केली. वारसाचा परवाना माझ्या नावावर व्हायला काही वर्षं गेली. बंदूक हातात आली तेव्हा नळी विटकरी झालेली, घोडा जागचा हलत नव्हता, दस्त्याला भुंग्यानं भोकं पाडलेली. ठाण्याचं नाव लिहीत नाही. तिथं हत्यारांची रास असते आणि रोज कोण तेल लावत बसणार, हे मलाही कळतं. निदान बारदान तरी सोडायचं होतं.

ती सावरताना मी काही गोष्टी उलट्या क्रमानं केल्या, एक-दोन तर धोकादायक होत्या. तुमच्याही माळ्यावर अशी एखादी पडली असेल तर हा क्रम धरा.

पुढे तेच तेच शब्द येतील म्हणून आधी ओळख करून घेऊ. नळीचं पुढचं टोक म्हणजे तोंड, दारू आणि छर्रे इथूनच ठासून भरायचे; मागचं बंद टोक म्हणजे बूड. बुडाशी बाहेरून आत जाणारं बारीक भोक म्हणजे कान. जुन्या तोड्याच्या बंदुकीत कानाशी रंजक (पेटवायची चिमूटभर दारू) ठेवून जळता तोडा (वात) टेकवायचे. चकमकीच्या बंदुकीत गारगोटीची ठिणगी पडायची. टोपीच्या बंदुकीत कानाच्या जागी निपल, म्हणजे आट्यांवर बसणारी पोकळ खुंटी, असतं, त्यावर स्फोटक भरलेली तांब्याची टोपी बसवतात आणि घोडा तिच्यावर आपटतो. परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका बहुतेक टोपीच्याच. माझीही तीच. लाकूड म्हणजे दस्ता, ठासायची काठी म्हणजे गज.

१. आधी कागद

मोडकी असली तरी बंदूक ती बंदूकच. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. याच कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा नावानिशी उल्लेख आहे. आपल्याकडं राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, गगनबावडा या पट्ट्यात जुन्या घरांतून अशा बंदुका निघतात त्या त्यामुळेच. विनापरवाना बंदूक सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षांची कैद आहे. ‘आजोबांची आठवण आहे हो’ हे कोर्टात चालत नाही.

आता तुमची गाठ तीनपैकी कुठली ते बघा.

परवाना तुमच्या नावावर आणि चालू आहे: उत्तम. पुस्तिकेवर युआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक) आहे ना, आणि मुदत संपत तर आली नाही ना, एवढं तपासा. पूर्वी ३ वर्षांनी नूतनीकरण होतं, आता मुदत ५ वर्षांची आहे.

परवाना वारलेल्या माणसाच्या नावावर आहे: बंदूक घरात ठेवून अर्ज करत बसू नका. आधी जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडं जमा करा, पोच घ्या, मग वारस म्हणून अर्ज करा. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळं परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतो आणि पोलिसांचा अहवाल तिथंच जातो.

कागदच नाही: भिंतीत, पोटमाळ्यात, वाडा पाडताना सापडली. हात लावायच्या आधी वकिलाला भेटा आणि त्याच्या सल्ल्यानं ठाण्यात कळवा. साफ करून, चकचकीत करून मग सांगू, असं करू नका. वापरात होती असा अर्थ निघायला तेवढं पुरतं.

‘पुराणवस्तूला परवाना लागत नाही’ असं छातीठोक सांगणारा एक तरी पाहुणा भेटेलच. त्याचं अर्धं खरं आहे. कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून चालूच शकणार नाही अशा अवस्थेतलं हवं, अशी अट तिला जोडलेली आहे. म्हणजे तुम्ही हौसेनं घोडा चालता केला, कान मोकळा केला, तर ज्या सवलतीवर तुम्ही विसंबला होता ती तुमच्याच हातानं गेली. सूट लागू आहे का, हे स्वतः ठरवू नका. लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या. शंभर वर्षांवरची असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं ती परदेशात पाठवताही येत नाही. पुण्याच्या भाच्यानं अमेरिकेला न्यायची म्हटली तर नाही म्हणा.

माझ्या वारस-अर्जाला लागलेले कागद असे होते:
- मूळ परवाना पुस्तिका आणि बंदूक जमा केल्याची पोच
- मृत्यू दाखला
- बाकीच्या वारसांची गैरहरकत प्रतिज्ञापत्रं (आत्तीची सही राहिली म्हणून माझी एक फेरी फुकट गेली)
- आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो
- वैद्यकीय दाखला
- शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला
- पीक संरक्षणाचं कारण म्हणून सातबारा

आणखी एक गोष्ट. या कायद्यात बंदूक दुरुस्त करण्यालाही परवाना लागतो. आपल्या परवान्यावरच्या बंदुकीची साफसफाई, तेलपाणी आपण करायचं. झाळकाम, वेल्डिंग, निपलचे आटे नव्यानं पाडणं, नवीन भाग बसवणं हे परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याचं काम. उद्यमनगरात लेथवर काय वाट्टेल ते करून मिळतं हे आपल्याला अभिमानानं माहीत आहे, पण बंदूक घेऊन तिथं जायचं नाही. नळीचं तोंड सडलंय म्हणून ‘दोन इंच उडवून टाकू’ असं कुणी सुचवलं तर तेही नाही. नळी कापून आखूड करणं हा वेगळा गुन्हा आहे.

२. नळी रिकामी आहे का?

ही पायरी मी जवळजवळ गाळणार होतो. ठाण्यात वर्षानुवर्षं पडलेली बंदूक, तिच्यात काय असणार?

ठासणीची बंदूक भरलेली आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. उघडून बघायला मागं काही नसतंच. आणि काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. कोरडी राहिली तर वयानं ती मरत नाही. रात्री डुकरासाठी बार भरून ठेवायचा, डुक्कर आलं नाही तर बंदूक तशीच खुंटीला, अशी सगळ्यांचीच रीत होती.

तपासायचं असं. बंदुकीचं तोंड माणसं नसलेल्या बाजूला, आपलं डोकं आणि छाती तोंडासमोर नाही. घोड्याला, चापाला हात नाही. लाकडाचा किंवा पितळेचा सरळ गज (लोखंडाचा नको, ठिणगी पडते) हलक्या हातानं नळीत सरकवा, आपटू नका. टेकला की तोंडाच्या कडेला गजावर खूण करा. बाहेर काढा आणि तोच गज नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी जुळवून धरा. गजाचं टोक कानापर्यंत किंवा निपलच्या बुडापर्यंत पोचायला हवं.

माझा गज चार बोटं अलीकडं थांबला.

चार बोटं म्हणजे एक तर कुंभारीण माशीनं मातीचं घर केलंय, नाही तर बार भरलेला आहे. कुठलं ते ठरवायच्या भानगडीत पडू नका. कोरून काढू नका, ड्रिल नको, तापवणं नको, निपल फिरवणं नको, आत वाकून टॉर्च मारणं तर नकोच नको. मी परवानाधारक दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, आणायच्या आधी तोंडातून पाणी भरा आणि रात्रभर उभी ठेवा, सोरा पाण्यात विरघळतो. ‘पण ओली झाली म्हंजे मेली असं समजू नगा. वाळली की परत जागी हुतीया.’ परवाना बरोबर घेऊन, तोंडाला चिठ्ठी बांधून बंदूक त्याच्याकडं नेली.

त्यानं स्क्रूच्या टोकाचा गज फिरवत फिरवत आधी चिंधीचा बोळा काढला, मग मूठभर छर्रे, मग काळ्या चिखलासारखी दारू. बोळा उलगडून बाकावर पसरला. हिरव्या इरकली लुगड्याचा काठ होता. रात्री आत्तीला दाखवला तर ती म्हणाली, ‘आईचंच की रं हे. दळपाच्या खोलीत टांगलेलं असायचं.’ म्हणजे आजी असतानाच भरलेला तो बार आबांच्या परवान्यासकट ठाण्यात जाऊन, इतकी वर्षं राहून, परत घरी आला होता.

बंदुकीबरोबर दारूचं शिंग किंवा टोप्यांची पत्र्याची डबी सापडली तर तीही उघडून हलवू नका. जुन्या टोप्या धक्क्यानं उडतात. त्याच दुरुस्तीवाल्याला किंवा ठाण्याला सांगा.

३. फोटो आणि नंबर

साफसफाईच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, पट्टी शेजारी ठेवून. नळीवर, बहुधा बुडाजवळ, नंबर ठोकलेला असतो आणि तो परवान्यातल्या नंबराशी जुळायला हवा. गंजाखाली तो दिसत नसेल तर तो भाग सगळ्यात सावकाश साफ करायचा. सँडपेपर मारून नंबर पुसट झाला तर तुम्ही हौशी माणूस आहात हे पोलिसांना पटवणं अवघड जाईल, कारण ओळखखूण खोडणं हाच गुन्हा आहे. माझ्या नंबरातला ३ हा ८ सारखा दिसत होता. तेल लावून चार दिवस थांबल्यावर खरं रूप कळलं.

सामान साधंच लागतं, बहुतेक लक्ष्मीपुरीत नाही तर शाहूपुरीत मिळून जातं:
- शिवणयंत्राचं तेल आणि गंज सोडवणारा स्प्रे (डब्ल्यूडी-४० वगैरे)
- चार शून्यांची, म्हणजे सगळ्यात बारीक स्टीलवूल. भांडी घासायची तारेची घासणी नव्हे
- पितळी तारेचे छोटे ब्रश, जुने दात घासायचे ब्रश
- जुना तांब्याचा ढब्बू पैसा, किंवा तांब्याची पट्टी
- नळीच्या मापाचा ब्रॉन्झचा ब्रश आणि पितळी गज
- जुन्या धोतराच्या चिंध्या, भरपूर
- खाचेत तंतोतंत बसणारे स्क्रू ड्रायव्हर
- जवसाचं कच्चं तेल, टर्पेंटाइन, मधमाश्यांचं मेण
- बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, दोन कॅन
- रबरी आणि सुती हातमोजे

रॉकेल आता मिळत नाही, म्हणून जुनी माणसं डिझेल सुचवतात. चालतं, पण घरभर वास येतो आणि घरात बोलणी बसतात.

४. खोलताना

बाजारातला स्क्रू ड्रायव्हर टोकाला निमुळता असतो, तो खाचेत वरवर बसतो आणि खाच फाडतो. टोक दोन्ही बाजूंनी सपाट, समांतर हवं. मी उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून दोन स्क्रू ड्रायव्हर घासून आणले. कशासाठी म्हणून विचारल्यावर सांगितलं, तर म्हणाला, ‘आणा की हिकडं, बफला लावतो. अर्ध्या तासात आरशागत!’ मी हसून विषय बदलला. बफिंग म्हणजे कडा गोल, कोरीव काम सपाट, नंबर गायब. गंज गेला, बंदूकही गेली.

नळी दस्त्याला कशी धरलीय ते बघा: आडव्या खिळ्या, सपाट पाचरी, नाही तर जुन्या तोड्याच्या बंदुकीत पितळी किंवा चामड्याचे बंद. खिळ्या बहुधा एका बाजूला बारीक असतात. बारीक बाजूनं, पितळी सळईवर हलका ठोका. हलली नाही तर तेल सोडा आणि उद्या या. घोडा अडकला असेल तर त्याच्या आसाशी, स्क्रूंच्या खाचांत, निपलच्या बुडाशी रोज दोन थेंब तेल. माझं निपल नवव्या दिवशी सुटलं. उद्यमनगरी मंडळी निम्मं अ‍ॅसिटोन आणि निम्मं गिअरचं एटीएफ तेल मिसळून घेतात. बाजारच्या स्प्रेपेक्षा ते खोल मुरतं, पण लगेच पेट घेतं आणि दस्त्याचं पॉलिश उतरवतं. लाकडापासून लांब, मोकळ्या हवेत वापरा. गॅसच्या ज्योतीनं तापवून सोडवायचा मोह टाळा. तापवलं की पोलादाचा ताव उतरतो आणि दुनळी असेल तर दोन नळ्यांमधली झाळ सुटते.

नळीच्या बुडाची बूच काढायच्या फंदात पडू नका. बहुतेकदा ती निघत नाही, आणि निघालीच तर परत तशी बसत नाही.

हातानं बनवलेल्या बंदुकीत प्रत्येक स्क्रूचा आटा वेगळा. एका जाड पुठ्ठ्यावर बंदुकीचं चित्र काढा आणि निघालेला स्क्रू चित्रातल्या त्याच जागी टोचून ठेवा. मी सगळे वाटीत टाकले होते. सहा स्क्रू परत जागेवर बसवायला एक रविवार गेला.

५. आता गंज

गंज दोन जातींचा. तांबडा, भुसभुशीत, बोटाला लागणारा तो जिवंत. तो ओल धरून ठेवतो आणि खाली खात राहतो. काळसर, घट्ट, गुळगुळीत थर म्हणजे गंजच, पण थांबलेला. जुन्या नळीचा तो रंग आहे, त्याला धक्का लावायचा नाही. तांबडा काढायचा, काळा ठेवायचा. पांढरं लोखंड दिसायला लागलं की तुम्ही पुढं गेलात, थांबा.

जुन्या देशी नळ्या पुष्कळदा लोखंडाच्या पट्ट्या पिळून, ठोकून जोडलेल्या असतात. तेलाखाली लाकडाच्या रेषांसारखी नागमोडी नक्षी दिसली तर तुमच्याकडं तशी नळी आहे. पॉलिश पेपर चालवला तर नक्षी निघून जाते. व्हिनेगर, लिंबू, चिंच, फॉस्फरिक अ‍ॅसिडवाले ‘रस्ट रिमूव्हर’, शीतपेयात बुडवणं, हे सगळे व्हिडिओ पान्या-पकडीसाठी ठीक. आम्ल गंजाबरोबर लोखंडही खातं आणि खड्ड्यांत राहिलेलं आम्ल नंतर महिनोन्‌महिने काम करत राहतं.

मी केलं ते असं. नळीला तेलाचा जाड हात मारला, तेलाच्या चिंध्या गुंडाळल्या, वर प्लास्टिक बांधलं आणि आठवडाभर विसरलो. मग अंगठ्याएवढी एक जागा घ्यायची. ढब्बू पैशाची कड तिरकी धरून खरवडायची. तांबं लोखंडापेक्षा मऊ, गंजाची खपली निघते पण नळीवर चरा पडत नाही. गरगर फिरवून घासायचं नाही, नळीच्या लांबीच्या दिशेनंच. मग तेलात बुडवलेली स्टीलवूल, दाब न देता. चिंधीनं पुसायचं. चिंधी तांबडी निघत असेपर्यंत तेच. मला अकरा संध्याकाळी लागल्या. चौथ्या दिवशी हातात एक अंदाज येतो: खपली असेपर्यंत पैसा खरखरतो, तिच्याखाली पोचला की सुळकन घसरतो.

उरलेल्या चिवट तांबड्यासाठी उकळणं. हे फक्त सुट्या, रिकाम्या, दस्त्यावरून उतरवलेल्या नळीसाठी. आधी अ‍ॅसिटोननं तेल पूर्ण काढायचं, नंतर उघड्या हातानं नळी धरायची नाही. नळी मावेल अशी पत्र्याची लांब पन्हळ करून घ्या, खाली दोन शेगड्या. शेजारचे काका म्हणाले गुऱ्हाळावरची काहील आण. ती मावली असती, पण काहिलीला गुळाचा पाक लागलेला असतो. पाणी डिस्टिल्डच हवं, बोअरच्या पाण्यातले क्षार नळीवर डाग पाडतात. अर्धा तास उकळलं की तांबडा गंज काळ्या मखमलीसारखा होतो. बाहेर काढा, उष्णतेनं नळी मिनिटभरात आपोआप वाळते. कोरड्या, तेलविरहित स्टीलवूलनं हलकेच काळी भुकटी झाडा. खाली काळा थर घट्ट बसलेला दिसेल. मी हे तीनदा केलं आणि शेवटी गरम नळीवरच तेल दिलं.

छोट्या लोखंडी भागांना, गजाच्या टोकाला वगैरे, विजेची पद्धत चालते: बादलीत पाणी, ४ लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर, वजा टोक आपल्या भागाला, अधिक टोक भंगार लोखंडाला. स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून क्रोमियमचं विष पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर, आणि जवळ विडी-काडी नाही. स्प्रिंगा यात घालू नका, ठिसूळ होतात. सोन्या-चांदीचं किंवा पितळेचं काम असलेला भागही नको.

हिरड्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. आपल्या घाटात पोत्यानं मिळतो. हिरड्यात टॅनिन असतं आणि टॅनिन गंजाला निळसर काळं करून थांबवतं; हिरड्याची शाई काळी होते ती याच कारणानं. मी दस्त्याच्या लोखंडी पट्टीवरच्या खड्ड्यांत हिरड्याचा दाट काढा ब्रशनं भरून पाहिला. रंग छान आला. नळीवर मात्र डाग सारखा पडेल याचा भरवसा वाटला नाही, तिथं उकळणंच ठेवलं.

६. नळीच्या आत

आतला गंज बहुतेक वेळा पाण्याचा नसतो, न धुतलेल्या काजळीचा असतो. काळी दारू जळाली की क्षार उरतात, ते हवेतली ओल ओढतात आणि तेलानं निघत नाहीत. त्यांना गरम पाणीच लागतं. निपल काढून कढत पाण्यात थोडा साबण घालून नळीत ओता, ब्रॉन्झचा ब्रश बुडापर्यंत न्या, वर आणा, पाणी बदला. काळं, मग चहाच्या रंगाचं, मग निवळ. शेवटचं पाणी उकळतं घ्या म्हणजे नळी तापून आतून वाळेल. लगेच कोरड्या चिंध्या, मग तेलाची चिंधी. ब्रश मधेच उलटा फिरवायला जाल तर अडकतो. लाकडी गजावर जोर दिलात तर तो तिरपा फाटतो आणि तळहातात घुसतो. खूण माझ्या डाव्या हातावर आहे.

बारीक एलईडी दोऱ्याला बांधून आत सोडा आणि बघा. माझ्या नळीत बुडाजवळ ज्वारीच्या दाण्याएवढे खड्डे दिसले. तिथंच दाब सगळ्यात जास्त असतो. म्हणून ही बंदूक मी कधी वाजवणार नाही, परवाना असला तरी. तुमची आतून स्वच्छ दिसली तरी स्वतः बार भरून ‘बघू तरी’ करू नका. ते परवानाधारक दुरुस्तीवाल्यानं तपासून सांगायचं. आणि शिकार तर वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदच आहे.

७. घोडा आणि चाप

थोडक्यात सांगतो कारण इथं थोडकंच करायचं. आतली मोठी स्प्रिंग पकडीनं दाबून काढू नका. ती मोडते किंवा उडून डोळ्यावर येते. जमत नसेल तर सगळी यंत्रणा आहे तशी तेलात बुडवून दोन दिवस ठेवा, ब्रशनं घाण काढा, पुसा. घोडा सुटला तर त्याला निपलवर मोकळा आपटू देऊ नका, अंगठ्यानं धरून सोडा.

८. दस्ता

लाकूड धुवायचं नाही, पॉलिश पेपर नाही, दुकानातलं चकाकणारं वॉर्निश अजिबात नाही. कापूस टर्पेंटाइनमध्ये किंचित भिजवून मळ काढा. हाताच्या घामानं काळवंडलेली जागा, गाल टेकायची जागा, राहू द्या. भुंग्याच्या भोकांतून ताजी पांढरी भुकटी पडत असेल तर किडा आत आहे. वाळवीचं औषध इंजेक्शनच्या सुईनं भोकांत सोडून दस्ता प्लास्टिकमध्ये तीन आठवडे बांधा. नंतर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात, तळहातानं चोळून. दोन-तीन दिवसांनी दुसरा. असे चार.

जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. त्या वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेतात. पाण्याच्या बादलीत टाका किंवा दोरीवर एकेक पसरून वाळवा.

शेवटी नळीला आणि दस्त्याला मेणाचा हात. वस्तुसंग्रहालयांत मायक्रोक्रिस्टलाइन मेण वापरतात. ते मागवता आलं तर नळीला तेच. मी दस्त्याला मधमाश्यांचं मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून लावलं. भुदरगडातलं पाटगाव मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं, गावी जाताना तिथून आणलं.

९. ठेवायची कुठं

बारदान, गोधडी, चामड्याचं म्यान, बंद प्लास्टिक यांतलं काहीही नको. सगळं ओल धरतं किंवा कोंडतं. पावसाच्या बाजूच्या भिंतीवर टांगू नका. कुलपाच्या कपाटात, मधल्या भिंतीला, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी कपाट उघडा, सुती हातमोजे घालून पुसा. उघड्या हाताचा ठसा आठ दिवसांत तांबडा उमटतो. २०१९ च्या महापुरात ज्यांच्या बंदुका पाण्याखाली गेल्या, त्यांनी गाळ नळीत वाळू दिला आणि मग तो कोरून काढत बसले. असं झालं तर गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्यानं धुवा, वाळवा, तेल द्या, पंचनामा नंतर होईल. निवडणुकीत आचारसंहितेसाठी जमा करायची वेळ आली तर मेण जाड लावून द्या, आणि परत आल्या दिवशीच पुसा.

राहता राहिली खंडेनवमी. गेल्या वर्षी मी आईला म्हणालो, कुंकू नळीला नको. ती काही बोलली नाही. पूजा झाली तेव्हा बघितलं तर तिनं दस्त्याला सुती दोऱ्यानं विड्याचं पान बांधलं होतं आणि हळद-कुंकवाची पाच बोटं त्या पानावर ओढली होती. नारळ पाटाच्या त्या टोकाला, कोयत्याशेजारी फोडला. ‘कोयत्याला काय, तो रोजच घासतोस,’ म्हणाली.